साइड मार्जिन

नोटीस शटरला चिकटवून गेले
तेव्हा मी काजं करत होतो.
खळ इतकी ओली की कागद
संध्याकाळपर्यंत सरकत सरकत
'हेंद्रे टेलर्स'मधल्या 'हें'वर येऊन थांबला.

कलम त्रेपन्न. रो-हाउस क्रमांक सात, बिबवेवाडी.
मंजूर नकाशात पूर्वेला दीड मीटर,
जागेवर शून्य.
तीस दिवसांत स्वतः काढून घ्यावे, अन्यथा
मनपा काढील व खर्च आपणाकडून वसूल करील.
'आपणाकडून'! एवढा मान
गिऱ्हाइकानं कधी दिला नाही.

शून्य म्हणजे काय ते सांगतो.
दोन शिलाई मशिनी, एक ओव्हरलॉक,
इस्त्रीचं टेबल, बाजूला पत्रे, वर पत्रे,
लग्नसराईत पहाटे तीनपर्यंत जळणारी ट्यूब,
आणि मेहुण्याचे फेडलेले दीड लाख.

मनपाला गेलो. दोन जिने, तीन खिडक्या,
खाली एक झेरॉक्सवाला, सगळे नियम त्यालाच पाठ.
त्याच्याकडूनच अर्ज लिहून घेतला:
तक्रार कुणाची?
उत्तर आलं, नावावर काळी पट्टी.
पण अक्षर उघडं राहिलं होतं.
'र'ला असं शेपूट कोण ओढतं आमच्या गल्लीत?
उधारीच्या वहीतल्या सह्या लावून पाहिल्या.
तिघांचा 'र' तसाच.
तिघांचेही कपडे माझ्याकडे पडलेले.

सुनावणीत ऐकवलंच मग.
मॅडम, नंबर चारनं पार्किंग झाकलं,
अकराच्या गच्चीवर अख्खं वन रूम किचन,
कोपऱ्यावर बारा मजली उभी राहिली
तिला मार्जिनमध्ये सवलत मिळाली, प्रीमियम भरून.
मीही भरतो. हप्त्यानं घ्या.
घुले मॅडम मान वर न करता म्हणाल्या,
त्यांची फाइल माझ्यापुढं नाही. तुमची आहे.
आग लागली तर शिडी कुठून न्यायची?
म्हटलं, माझ्याकडं कसली आग, नुसतं कापड.
"तेच म्हणते मी."

मोजायला आल्या त्या दिवशी
त्यांची लोखंडी टेप अडकली, बाहेरच येईना.
गळ्यातली माझी दिली.
एका अंगाला साठ इंच,
दुसऱ्या अंगाला दीडशे सेंटिमीटर.
कुंपणापासून धरली. संपली तिथं
घराची मूळ भिंत, भिंतीला टेकलेली माझी खुर्ची.
बरोबर एक टेप.
एकतीस वर्षं, जी जागा सोडायची होती
ती मी गळ्यात घालून फिरत होतो.

शिवणीत आम्ही माया सोडतो.
दोन बोटं कापड, आत दुमडलेलं, कुणाला न दिसणारं.
पोरगी वाढते, माणूस सुटतो, बाळंतपण होतं,
तेव्हा उसवून देता येतं.
शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगतो,
कापड वाचवायला माया खाऊ नको,
पुढं कुणाचा तरी श्वास अडकतो.

हे मॅडमना बोललो नाही.
पंचनाम्यावर सही केली, मुरलीधर हेंद्रे,
आणि बघतच राहिलो:
माझाही 'र' तसाच.

अकरा दिवस उरलेत.
वकील म्हणतो अपील करू, तारीख तर मिळेल.
भंगारवाला येऊन पत्र्यांवर टकटक करून गेला.
दोन मशिनी हॉलमध्ये मावतील. ओव्हरलॉकचं कळत नाही.
नंबर चारचं पार्किंग अजून झाकलेलंच आहे,
ते मी विसरलेलो नाही.

काल रात्री पूर्वेचा एक पत्रा
सैल करून पाहिला, उगाच, चार नट फक्त.
माझ्या ट्यूबचा उजेड पट्टीसारखा
बावडेकरांच्या मोरीच्या खिडकीत पडला.
आतून वहिनी ओरडल्या, कोण आहे?

म्हटलं, मी.
माप घेतोय.